सर्व्हर संथ चालतोय: रॅम वाढवू की स्विच बदलू?

प्रश्न असा आहे. चाळीस जणांचं ऑफिस. एका टॉवर सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स (एका यंत्रावर अनेक आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून चार व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, चालवल्या आहेत: डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचं लॉगिन सांभाळणारा), फाइल सर्व्हर, टॅलीचा सर्व्हर आणि हजेरीच्या वेब ॲप्लिकेशनचा डेटाबेस. पहिल्या तीन विंडोज, चौथी लिनक्स. प्रोसेसर १६ कोअरचा, रॅम ६४ जीबी, त्यातली ५२ जीबी व्हीएमना वाटलेली. ७,२०० आरपीएमच्या, प्रत्येकी ४ टीबीच्या चार साटा डिस्क हार्डवेअर कंट्रोलरवर रेड ५ मध्ये (एक डिस्क बिघडली तरी डेटा वाचेल अशी एकत्र जोडणी). १६ कॅमेऱ्यांचं सात दिवसांचं रेकॉर्डिंगही फाइल सर्व्हरवरच जातं. संगणक, कॅमेरे, वाय-फाय सगळं एकाच १ गिगाबिट स्विचवर, एकाच नेटवर्कमध्ये. काम दिवसभर संथ चालतं आणि दुपारी बाराच्या सुमारास जवळजवळ थांबतं. प्रोसेसर मात्र १५ टक्क्यांच्या वर जात नाही. रॅम १२८ जीबी करावी, की १० गिगाबिटचा स्विच घ्यावा?

दोन्ही नको. दिलेली लक्षणं डिस्ककडे बोट दाखवतात. पण माझ्या शब्दावर पैसे खर्च करू नका, आधी मोजा; त्याला अर्धा तास लागेल.

प्रॉक्समॉक्सच्या वेब स्क्रीनवर होस्टच्या (व्हीएम ज्या खऱ्या सर्व्हरवर चालतात त्याच्या) समरीमध्ये आयओ डिलेचा, म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेल्या वेळेचा, आलेख असतो. प्रोसेसर १५ टक्के आणि आयओ डिले १० ते ३० टक्के असं दिसलं, तर प्रोसेसर रिकामा बसलेला नाही, तो डिस्कची वाट बघतोय. मग होस्टच्या शेलमध्ये सिसस्टॅट पॅकेज टाकून त्यातलं डिस्कचे आकडे दाखवणारं आयोस्टॅट विस्तारित रूपात दर पाच सेकंदांनी चालवा. त्यात वाचनाचा आणि लेखनाचा सरासरी विलंब मिलिसेकंदात मिळतो. फिरत्या डिस्कवर १० ते २० मिलिसेकंद सामान्य आहे. ५० च्या पुढे माणसाला जाणवतं. २०० च्या वर टॅली अडकल्यासारखी वाटते आणि विंडोज 'नॉट रिस्पॉन्डिंग' दाखवू लागतं. विंडोज व्हीएमच्या आतूनही खात्री करता येते: परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये फिजिकल डिस्कचा 'ॲव्हरेज डिस्क सेकंद पर रीड' आणि 'पर राइट' हे दोन काउंटर लावा. आकडा सेकंदात येतो, म्हणजे ०.०२० दिसलं तर ते २० मिलिसेकंद. हे मोजमाप सकाळी दहाला, बाराला आणि संध्याकाळी सहाला घ्या आणि तिन्ही आकडे लिहून ठेवा. बदल केल्यावर फरक किती पडला हे सांगायला दुसरा पुरावा नसतो.

नेटवर्क यात दोषी आहे का, हेही याच वेळी बघून टाका. १ गिगाबिट म्हणजे सेकंदाला १२५ एमबी, प्रत्यक्षात ११० ते ११५. चाळीस जण मिळून दिवसभर तेवढा प्रवाह खेचत नाहीत. स्विचच्या पोर्टवरचा आलेख ३०-४० टक्क्यांवरच राहत असेल, तर १० गिगाबिटच्या स्विचने काहीही बदलणार नाही. एक अपवाद लक्षात ठेवा. फाइल कॉपी सेकंदाला बरोबर ११ एमबीच्या आसपास अडकत असेल, तर ती लिंक १०० मेगाबिटवर उतरलेली आहे. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. कनेक्टरमधली एक तार नीट क्रिंप झालेली नसली, तर दोन्ही टोकं निमूटपणे १०० वर समझोता करतात आणि दिवा हिरवाच राहतो. सर्व्हरच्या पोर्टचा वेग आणि सीआरसी एररचा (वाटेत बिघडलेल्या डेटाचा) आकडा बघा. सीआरसी वाढत असेल तर आधी केबल बदला.

आता मुख्य दुखणं.

डिस्क घेताना सगळे टीबी मोजतात. व्हीएमना मात्र सेकंदाला किती छोटी वाचन-लेखनं होतात, म्हणजे आयओपीएस, हे लागतं. ७,२०० आरपीएमची एक साटा डिस्क विखुरलेली सुमारे ८० वाचन-लेखनं करते. प्लॅटर फिरून डेटा हेडखाली येण्याला आणि हेड हलण्याला जो वेळ लागतो, त्याला पर्याय नाही. चार डिस्कचे झाले ३२०. रेड ५ मध्ये डेटासोबत पॅरिटी, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचा डेटा परत काढण्यासाठीचा हिशेब, ठेवली जाते, म्हणून एका छोट्या लेखनासाठी चार क्रिया होतात: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा. कामात ७० टक्के वाचन आणि ३० टक्के लेखन धरलं, तर ३२० भागिले (०.७ + ०.३ × ४) म्हणजे जेमतेम १६८. चार व्हीएम, चाळीस माणसं आणि १६ कॅमेरे या १६८ वर जगताहेत. त्याच डिस्क रेड १० मध्ये (पॅरिटीऐवजी प्रत्येक डिस्कची दुसरीवर जुळी प्रत) असत्या तर लेखनाचा दंड दोनपट राहिला असता आणि आकडा २४६ आला असता. बरा, पण पुरेसा नाही.

कॅमेऱ्यांचा हिशेबही करू. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा ४ मेगाबिटवर ठेवला, तर १६ कॅमेऱ्यांचे ६४ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ८ एमबी. आकडा लहान वाटतो. पण तो २४ तास चालतो: दिवसाला सुमारे ६९० जीबी, सात दिवसांचे ४.८ टीबी. प्रत्येक कॅमेऱ्याचं लेखन आपापल्या परीने सलग असलं, तरी सोळा मिळून हेडला सतत इकडून तिकडे पळवतात. तुमच्या रेड ५ ची वापरण्याजोगी जागा १२ टीबी आहे. त्यातली ४० टक्के जागा आणि हेडचा मोठा वेळ कॅमेरे खातात. कॅमेऱ्यांना वेगळा एनव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) आणि त्यात सर्व्हेलन्स प्रकारची डिस्क द्या. सगळ्या यादीतला हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि फरक त्याच दिवशी दिसेल.

बारा वाजताच्या अडथळ्याचं कारण बहुतेक विंडोजमध्येच सापडेल. फाइल सर्व्हरवर शॅडो कॉपी (फाइलींच्या मागच्या आवृत्त्या जपणारी विंडोजची सोय) चालू केल्या की त्यांचं मूळ वेळापत्रक सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ आणि दुपारी १२ असं असतं. आधीच दमलेल्या डिस्कवर बाराला ही भर पडते. वेळापत्रकात दुपारची वेळ जेवणाच्या सुट्टीच्या मध्यावर न्या, किंवा डिस्क बदलेपर्यंत दुपारची कॉपी थांबवा. अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन त्याच वेळेला लागलेलं नाही ना, तेही बघा. चारही व्हीएमचं स्कॅन एकाच वेळी सुरू होणं ही नेहमीची चूक आहे. त्या वेळा एकेक तासाने पुढे-मागे करा.

आणखी एक गोष्ट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका: कंट्रोलरची बॅटरी. कंट्रोलरवर कॅश मेमरी असते. बॅटरी किंवा कपॅसिटर ठीक असेपर्यंत लेखन कॅशमध्ये पोचलं की 'झालं' असा निरोप मिळतो. याला राइट-बॅक म्हणतात. बॅटरी मेली की कंट्रोलर स्वतःहून राइट-थ्रूवर जातो आणि प्रत्येक लेखन डिस्कवर उतरेपर्यंत थांबतो. 'गेल्या महिन्यापर्यंत ठीक होतं, अचानक बिघडलं' अशी तक्रार असेल, तर सगळ्यात आधी इथे बघायचं. कंट्रोलरच्या टूलमध्ये बॅटरीची स्थिती आणि सध्याची कॅश पॉलिसी दोन्ही दिसतात. बॅटरी नसताना राइट-बॅक जबरदस्तीने चालू करण्याचा पर्यायही तिथे असतो. तो वापरू नका. वीज गेली की कॅशमधली लेखनं जातात आणि डेटाबेस अर्धवट राहतो.

त्याच टूलमधून चारही डिस्कचे स्मार्ट आकडे, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, वाचा, कारण कंट्रोलरच्या मागे आयोस्टॅटला एकच आभासी डिस्क दिसते. रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले) आणि पेंडिंग सेक्टर (वाचता न आलेले, निर्णय बाकी असलेले) हे दोन आकडे शून्य हवेत. रेडमधली एकच डिस्क आजारी असली, तरी सगळा ॲरे, म्हणजे रेडचा डिस्क-गट, तिच्या चालीने चालतो.

रेड ५ मोडायची ती केवळ वेगासाठी नव्हे. ४ टीबीची एक डिस्क गेली, तर रीबिल्डला (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभा करायला) उरलेल्या तीन डिस्क पूर्ण वाचाव्या लागतात: १२ टीबी. साध्या साटा डिस्कच्या माहितीपत्रकात न वाचता येणाऱ्या बिटचं प्रमाण दहाच्या चौदाव्या घाताएवढ्या बिटांत एक, म्हणजे साडेबारा टीबीला एक असं दिलेलं असतं. ही कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा चांगल्या वागतात. पण हमी तेवढ्याचीच आहे. रिकाम्या ॲरेवर सेकंदाला १५० एमबीने रीबिल्ड साडेसात तासांत होईल. चालू कामात एक-दोन दिवस सहज लागतात. चारही डिस्क एकाच बॅचच्या आणि एकाच वयाच्या असल्या, की दुसरी नेमकी याच ताणाच्या काळात जाते.

काय घ्यावं

व्हीएमसाठी १.९२ टीबीच्या दोन एंटरप्राइझ दर्जाच्या साटा एसएसडी, मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर तीच प्रत. चौथ्या व्हीएममधला डेटाबेस वाढणार असेल तर चार. एकच अट मी सोडणार नाही: त्यात पॉवर लॉस प्रोटेक्शन हवं, म्हणजे वीज गेल्यावर अंतर्गत कॅश रिकामी करण्यापुरते कपॅसिटर. डेटाबेस आणि झेडएफएस (डिस्कचा गट आणि त्यावरच्या फाइली एकत्र सांभाळणारी प्रणाली) दोघेही 'हे खरंच लिहिलं का' असं वारंवार विचारतात. ज्या एसएसडीत कपॅसिटर आहेत ती लगेच 'हो' म्हणू शकते. लॅपटॉपसाठीच्या एसएसडीला प्रत्येक वेळी फ्लॅशवर लिहून मगच उत्तर द्यावं लागतं. डब्यावर लाखाच्या घरातले आयओपीएस छापलेली घरगुती एसएसडी अशा लेखनात काही शे किंवा हजार-दीड हजारावर येते. एंटरप्राइझ एसएसडी दहा हजारांच्या घरात राहते. घेतल्यावर फिओ या डिस्कचा वेग मोजणाऱ्या टूलने ४ केबीचं, एका वेळी एक, प्रत्येक लेखनानंतर एफसिंक (खरंच लिहिलं का याची विचारणा) अशी चाचणी एक मिनिट चालवा आणि आकडा नोंदवा. चाचणी रिकाम्या डिस्कवरच करा; चालू डिस्कचं नाव दिलंत तर फिओ तिच्यावर लिहून मोकळा होतो.

झेडएफएस की कंट्रोलरचा रेड? दोन्हींपैकी एक, पण एकावर एक नाही. झेडएफएसला डिस्क थेट हातात हव्यात. कंट्रोलर एचबीए मोडवर (रेड न करता डिस्क थेट पुढे देणारा) जात असेल तर झेडएफएस मिरर घ्या. चेकसमच्या (डेटासोबत ठेवलेल्या पडताळणीच्या आकड्याच्या) आधारे बिघडलेला ब्लॉक ओळखणं आणि दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्त करणं हा त्याचा खरा फायदा आहे. कंट्रोलर तसा मोड देत नसेल, तर प्रत्येक डिस्कचा एकेकटा रेड ० करून वर झेडएफएस बसवण्याची युक्ती करू नका. डिस्क बदलताना आणि स्मार्ट वाचताना ती अंगाशी येते. अशा वेळी कंट्रोलरवरच रेड १, म्हणजे मिरर, करा आणि वर एलव्हीएम-थिन (लागेल तशी जागा देणारी लिनक्सची डिस्क-व्यवस्था) ठेवा. हा काही कमी प्रतीचा पर्याय नाही.

झेडएफएस घेतलंत तर रॅमचा हिशेब बदलतो. त्याची कॅश, एआरसी, होस्टच्या रॅममधून जाते. प्रॉक्समॉक्स ८.१ पासून इन्स्टॉलर झेडएफएसवर नवी मांडणी करताना ही मर्यादा रॅमच्या १० टक्के ठेवतो, पण कमाल १६ जीबी. जुन्या मांडणीत किंवा नंतर हाताने बनवलेल्या पूलला (झेडएफएसच्या डिस्क-गटाला) ती अर्ध्या रॅमपर्यंत जाऊ शकते. तुमच्याकडे ५२ जीबी व्हीएमना आणि वर ३२ पर्यंत वाढू शकणारी एआरसी: बेरीज ६४ मध्ये बसत नाही. मग रात्री बॅकअप चालू असताना लिनक्सचा कर्नल (गाभा) मेमरी मोकळी करायला एखादी व्हीएम मारून टाकतो, आणि सकाळी 'सर्व्हर आपोआप बंद झाला' अशी तक्रार येते. एआरसीची कमाल मर्यादा ६ जीबी करा, इनिशियल रॅम-डिस्क (होस्ट सुरू होताना वाचली जाणारी फाइल) पुन्हा बनवा, रीबूट करा. चाळीस जणांच्या डोमेन कंट्रोलरला ४ जीबी पुरते. तिथे जास्त दिली असेल तर काढून घ्या. १२८ जीबी घ्यायची गरज उरत नाही.

पूल बनवताना अशिफ्ट १२ ठेवा, म्हणजे ४ केबीचे सेक्टर. ती निवड नंतर बदलत नाही. पूल ८० टक्क्यांच्या खाली ठेवा. स्क्रब (सगळा डेटा वाचून पडताळणं) डेबियनच्या (प्रॉक्समॉक्स ज्यावर उभं आहे त्या लिनक्सच्या) मूळ वेळापत्रकाने महिन्यातून एकदा, दुसऱ्या रविवारी चालतो. तो चालू द्या आणि त्याची मेल कोणीतरी वाचेल अशी सोय करा. पुढेमागे झेडएफएससाठी फिरत्या डिस्क घेतल्या, तर त्या एसएमआर प्रकारच्या (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या, म्हणून पुनर्लेखनात मंद) नाहीत ना हे मॉडेल क्रमांकावरून तपासा. २०२० साली काही नॅस (नेटवर्क स्टोरेजच्या) डिस्क ग्राहकांना न सांगता एसएमआर निघाल्या होत्या आणि झेडएफएसच्या रीबिल्डमध्ये त्या अडकून बाहेर पडत होत्या.

हलवण्याचा क्रम

आधी चारही व्हीएमचा पूर्ण बॅकअप दुसऱ्या यंत्रावर घ्या आणि त्यातली एक वेगळ्या क्रमांकाने, नेटवर्क तोडून, रिस्टोअर करून चालू करून बघा. मग जुने स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) काढून टाका. स्नॅपशॉट असताना डिस्क नीट हलत नाही. त्यानंतर प्रॉक्समॉक्समध्ये डिस्क निवडून 'मूव्ह स्टोरेज' करा. व्हीएम चालू असतानाही हे होतं. 'मूळ डिस्क पुसा' ही खूण करू नका. जुनी प्रत 'अनयूज्ड डिस्क' म्हणून दोन दिवस राहू द्या. २ टीबीला सेकंदाला १०० एमबीने साडेपाच तास लागतात, म्हणून शनिवारी संध्याकाळी सुरू करा. सर्वांत छोटी व्हीएम आधी हलवा, फाइल सर्व्हर शेवटी.

हलवताना विंडोज व्हीएमची डिस्क आयडीई किंवा साटा म्हणून जोडलेली दिसली, तर ती व्हर्टिओ स्कझीवर (व्हीएमसाठीच बनवलेल्या वेगवान जोडणीवर) आणण्याची हीच वेळ. थेट बदललंत तर विंडोज बूट होताना निळी स्क्रीन येते, कारण बूटच्या वेळी त्याच्याकडे ड्रायव्हर नसतो. रीत अशी: व्हीएमच्या आभासी स्कझी कंट्रोलरचा प्रकार व्हर्टिओ स्कझी सिंगल करा, १ जीबीची एक रिकामी स्कझी डिस्क जोडा, विंडोज चालू करून व्हर्टिओच्या आयएसओवरून ड्रायव्हर टाका, ती डिस्क डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसू द्या. मग व्हीएम बंद करा, मूळ डिस्क डिटॅच करून स्कझी म्हणून जोडा, बूट ऑर्डरमध्ये तिच्यावर खूण करा. बूट ऑर्डर विसरली जाते आणि मग लोक ड्रायव्हरला दोष देतात. डिस्कच्या पर्यायांत डिस्कार्ड आणि आयओ थ्रेड चालू, कॅश 'नो कॅश' या मूळ पर्यायावर. नेटवर्क कार्डही ई१००० (जुन्या इंटेल कार्डाची नक्कल) वरून व्हर्टिओवर न्या. पण विंडोज त्याला नवं कार्ड समजतं आणि स्थिर आयपी पुन्हा द्यावा लागतो, हे डोमेन कंट्रोलरच्या बाबतीत आधीच लिहून ठेवा.

डिस्कार्ड का? थिन प्रोव्हिजनिंगमध्ये व्हीएमला ५०० जीबीचं आश्वासन दिलेलं असतं, जागा मात्र लिहिली तेवढीच जाते. आत फाइल पुसली तरी खालच्या थराला ते कळत नाही. डिस्कार्ड चालू असेल तरच मोकळी जागा परत मिळते. लिनक्समध्ये आठवड्याला एफएसट्रिमचा टायमर चालू आहे ना ते बघा, विंडोजमध्ये 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' तेच काम करतं. आश्वासनांची बेरीज खऱ्या जागेपेक्षा जास्त असण्यात गैर नाही. पूल मात्र भरू द्यायचा नाही. तो भरला की लेखनं फसतात, सगळ्या व्हीएम एकदम थांबतात आणि आतल्या फाइल सिस्टीम बिघडू शकतात. एलव्हीएम-थिनला डेटाखेरीज मेटाडेटाची वेगळी जागा असते आणि ती भरणं त्याहून वाईट, कारण दुरुस्ती अवघड जाते. दोन्ही टक्केवाऱ्यांना ८० वर सूचना लावा.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, हे इथेच सांगतो, कारण थिन पूल भरण्याचं सर्वांत मोठं कारण विसरलेले स्नॅपशॉट असतात. अपडेटच्या आधी स्नॅपशॉट घ्या, दोन-तीन दिवसांत काढा. डोमेन कंट्रोलर मागच्या स्नॅपशॉटवर नेणं टाळा, विशेषतः दुसरा डोमेन कंट्रोलर असेल तर.

खऱ्या बॅकअपसाठी वेगळं यंत्र हवं. जुना डेस्कटॉप, त्यात दोन मोठ्या डिस्कचा मिरर आणि प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर एवढं पुरतं. ते यंत्र डोमेनमध्ये जोडू नका आणि त्याचा पासवर्ड वेगळा ठेवा. रॅन्समवेअर डोमेन ॲडमिनच्या हक्कांनी फिरतं आणि डोमेनमधला बॅकअप सर्व्हर त्याच रात्री जातो. तिसरी प्रत ऑफिसबाहेर. इथे एक बारकावा आहे. चालू व्हीएमचा बॅकअप घेताना एखादा ब्लॉक बदलायची वेळ आली, तर त्याची जुनी प्रत आधी बॅकअपच्या यंत्रावर जाते आणि मगच व्हीएमचं लेखन पुढे सरकतं. म्हणजे बॅकअपचं यंत्र हळू असेल तर त्याची झळ चालू व्हीएमला बसते. प्रॉक्समॉक्स ८.२ पासून फ्लीसिंगचा पर्याय आहे, तो ही जुनी प्रत तात्पुरती स्थानिक एसएसडीवर ठेवतो. रात्री काम चालणाऱ्या ठिकाणी तो चालू करा.

नेटवर्क: किती तोडायचं

व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी आभासी नेटवर्क) करायचं म्हटलं की प्रत्येक प्रकारच्या उपकरणाला वेगळं जाळं करण्याचा मोह होतो. थोडं थांबा. दोन व्हीलॅनमधली वाहतूक गेटवेतून (नेटवर्क एकमेकांना जोडणाऱ्या उपकरणातून) जाते. गेटवे छोटा फायरवॉल असेल आणि तो २००-३०० मेगाबिटच पेलत असेल, तर संगणक एका व्हीलॅनमध्ये आणि सर्व्हर दुसऱ्यात टाकून तुम्ही फाइल सर्व्हरचा वेग स्वतःच्या हाताने तिसऱ्या हिश्श्यावर आणाल. तुमच्याकडे लेयर ३ स्विच (व्हीलॅनमधली वाहतूक स्वतःच वळवणारा) आहे असं तुम्ही म्हटलेलं नाही, म्हणून संगणक आणि सर्व्हर आत्ता एकत्रच राहू द्या. वेगळे करा ते तीन गट: कॅमेरे आणि एनव्हीआर, पाहुण्यांचं वाय-फाय, आणि स्विच-होस्ट-कंट्रोलर यांचं व्यवस्थापन. कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनला इंटरनेट देऊ नका.

आयपी पत्ते आता १९२.१६८.१ मध्ये असतील, तर घरून व्हीपीएनने येणाऱ्याच्या राउटरवरही तेच पत्ते असतात आणि जोडणी होऊनही काही उघडत नाही. नव्या व्हीलॅनना १०.२०.४०, १०.२०.५० असे पत्ते द्या, म्हणजे व्हीलॅन क्रमांक पत्त्यातच वाचता येतो. जुनं नेटवर्क सवडीने बदला.

बदल करताना स्वतःलाच बाहेर कोंडून घेऊ नये यासाठी क्रम महत्त्वाचा. सर्व्हरला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडून ठेवा. प्रॉक्समॉक्समध्ये ब्रिजवर (व्हीएमना नेटवर्कशी जोडणाऱ्या आभासी स्विचवर) 'व्हीलॅन अवेअर' ही खूण करा. याने चालू वाहतूक बदलत नाही. स्विचवर सर्व्हरचा पोर्ट ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहणारा) करा, पण त्याचं नेटिव्ह (क्रमांक न लावलेल्या वाहतुकीचं) व्हीलॅन आज जे चालू आहे तेच ठेवा, बहुतेक १. आता सगळं पूर्वीसारखंच चालायला हवं. चालत नसेल तर इथेच थांबून शोधा. मग नवं व्हीलॅन ट्रंकवर परवानगीच्या यादीत घाला आणि एका चाचणीच्या व्हीएमला टॅग (व्हीलॅनचा क्रमांक) देऊन पिंग करा. होस्टचा स्वतःचा पत्ता सगळ्यात शेवटी हलवा.

पिंग लागत नसेल तर कारण जवळपास नेहमी या तिघांपैकी एक: व्हीलॅन स्विचवर बनवलंच नाही, मधल्या दुसऱ्या स्विचच्या ट्रंकवर घातलं नाही, किंवा टॅग दोनदा लागला. व्हीएमच्या नेटवर्क कार्डवर प्रॉक्समॉक्समध्ये टॅग दिला की आतल्या विंडोजने साधी, बिनटॅगची फ्रेम (डेटाचं पाकीट) पाठवायची असते. आतही क्रमांक टाकलात तर दुहेरी टॅग होऊन फ्रेम हरवते. होस्टवर टीसीपीडंप (नेटवर्कवरची वाहतूक दाखवणारं टूल) लिंक-लेयरच्या माहितीसह चालवलात तर प्रत्येक फ्रेमवरचा टॅग डोळ्यांनी दिसतो. अंदाज करत बसण्यापेक्षा ते बरं.

स्विचवर स्पॅनिंग ट्री (केबलचं वर्तुळ झालं तर ते तोडणारी सोय) चालू ठेवा. टेबलाखालच्या छोट्या स्विचची दोन्ही टोकं कोणीतरी भिंतीत खोचतो आणि दोन सेकंदांत सगळं ऑफिस बंद पडतं. संगणकांच्या पोर्टवर पोर्टफास्ट (पोर्ट लगेच सुरू करणारा पर्याय) द्या, नाहीतर जुन्या स्पॅनिंग ट्रीत पोर्ट सुरू व्हायला ३० सेकंद लागतात आणि तोवर डीएचसीपीची (आयपी पत्ता मागण्याची) विनंती वाया जाते. टॅलीचे संगणक वाय-फायवर ठेवू नका. डेटा सामायिक फोल्डरमध्ये असताना लेखनाच्या मध्येच जोडणी तुटली तर कंपनीचा डेटा बिघडतो.

दोन पोर्ट एलएसीपीने (दोन केबल एक म्हणून वापरण्याच्या रीतीने) जोडायला हरकत नाही, केबल तुटल्यावर काम चालू राहतं. एका संगणकाची एक कॉपी मात्र एकाच लिंकवरून जाते, तिचा वेग दुप्पट होत नाही. जंबो, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या, फ्रेमची इथे गरज नाही.

घड्याळ, सुरुवात आणि बंद होणं

विंडोज आभासी घड्याळात स्थानिक वेळ आहे असं धरतं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं. व्हीएम बनवताना ऑपरेटिंग सिस्टीमचा प्रकार चुकीचा निवडला, की विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास चुकतं. डोमेनमध्ये कर्बरोसला (लॉगिन तपासणाऱ्या पद्धतीला) ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, मग लॉगिनच नाकारलं जातं. साडेपाच तासांचा नेमका फरक दिसला की नेटवर्क तपासत बसू नका, तो पर्याय बघा. पीडीसी एम्युलेटरला (डोमेनमध्ये वेळ देणाऱ्या डोमेन कंट्रोलरला) बाहेरच्या एनटीपीवरून (इंटरनेटवरच्या घड्याळसेवेवरून) वेळ घेऊ द्या आणि बाकीच्यांना त्याच्यावरून.

होस्टचा डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) त्याच होस्टवरच्या डोमेन कंट्रोलरकडे वळवलेला असेल तर दुसरा पत्ता फायरवॉलचा द्या. वीज जाऊन आल्यावर डोमेन कंट्रोलर उठायच्या आधी होस्टला नावं सापडत नाहीत, आणि बॅकअपचं स्टोरेज नावाने जोडलेलं असेल तर तेही लटकतं. व्हीएमच्या सुरुवातीच्या क्रमात डोमेन कंट्रोलर १ आणि पुढे १२० सेकंदांचा विराम, मग फाइल सर्व्हर, मग डेटाबेस, मग टॅली.

यूपीएस यूएसबीने होस्टला जोडा आणि नट हे यूपीएसवर लक्ष ठेवणारं पॅकेज वापरा. बॅटरीवर पाच मिनिटं झाली की बंद करण्याची सूचना जाऊ द्या. भारनियमनाच्या भागात बॅटरी एकदा रिकामी होऊन अर्धवट चार्ज झालेली असते, त्यामुळे 'बॅटरी लो'ची वाट बघत बसलात तर वेळ मिळत नाही. प्रॉक्समॉक्स प्रत्येक व्हीएमला नीट बंद होण्यासाठी १८० सेकंद देतो आणि क्रम उलटा चालवतो, म्हणून चार व्हीएमचा सर्वांत वाईट हिशेब बारा मिनिटांचा धरा. सगळ्या विंडोज व्हीएममध्ये क्यूईएमयू गेस्ट एजंट (होस्टचा निरोप व्हीएमपर्यंत पोचवणारा छोटा प्रोग्राम) टाका, नाहीतर लॉक झालेल्या स्क्रीनवर बंद करण्याची सूचना कधी कधी तशीच पडून राहते. सगळं जोडून झाल्यावर एका रविवारी यूपीएसचा मेन्स प्लग काढा आणि घड्याळ लावून बघा: शेवटची व्हीएम बंद होईपर्यंत किती मिनिटं गेली आणि बॅटरीत किती टक्के उरले. ३० टक्क्यांपेक्षा कमी उरले तर पाच मिनिटांऐवजी दोनवर या.